गावच्या नेटचा तक्ता गावापुढे ठेवा

पीक विम्याची मुदत जवळ आली की किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद अशा अहमदपूर तालुक्यातल्या गावांत आपले सरकार सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात, आणि रांगेतल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ या एका वाक्यामागे निदान पाच निरनिराळी कारणे असू शकतात. मुंबई-दिल्लीतले संकेतस्थळच बंद असेल. तालुक्याच्या एक्स्चेंजमधले यंत्र बिघडलेले असेल. वाटेत कुठे तरी केबल तुटलेली असेल. ग्रामपंचायतीत वीज नसेल. किंवा सगळे नीट असून केंद्रातलाच राउटर बसलेला असेल. पाचही कारणांना जबाबदार माणसे वेगळी, दुरुस्तीला लागणारा वेळ वेगळा, आणि तक्रारीचे दारही वेगळे. रांगेतल्या शेतकऱ्याला मात्र यातले काहीच कळत नाही, आणि पुष्कळदा केंद्रचालकालाही कळत नाही. ज्याला कारण माहीत नाही त्याची तक्रार योग्य दारापर्यंत पोचत नाही, आणि म्हणून ती टिकतही नाही. ही माहिती कुणाजवळच नसती तर गोष्ट वेगळी होती. पण ती असते. ग्रामपंचायतीत बसवलेले यंत्र, तालुक्याला बसवलेले यंत्र आणि त्यांच्यामधला प्रत्येक टप्पा स्वतःच्या स्थितीचा तक्ता रात्रंदिवस ठेवत असतो, आणि एखादा प्रोग्राम ठरावीक मिनिटांनी तो वाचत असतो. हा तक्ता गावनिहाय आणि मराठीत लोकांपुढे आला पाहिजे. ग्रामपंचायतींना जोडण्यासाठी झालेल्या खर्चाचे मोल मोजण्याचा याहून खरा मार्ग मला दिसत नाही.

हे तक्ते वाचण्याची रीत जुनी आणि जगभर सारखी आहे. सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे एसएनएमपी, १९८८ मध्ये मांडला गेला, १९९० मध्ये त्याचे प्रमाण रूप ठरले, आणि कोणत्याही कंपनीच्या यंत्रात कोणत्या नोंदी कोणत्या क्रमांकाखाली असाव्यात याची यादी १९९१ मध्ये पक्की झाली. त्या यादीत पोर्टांचा एक तक्ता आहे. यंत्राला जितकी पोर्टे तितक्या रांगा. प्रत्येक रांगेत पोर्टाचे नाव, त्याचा वेग, ते चालू ठेवण्याचा आदेश आहे की नाही, ते प्रत्यक्षात चालू आहे की नाही, स्थिती शेवटची कधी बदलली, किती माहिती आत आली, किती बाहेर गेली, असे रकाने असतात. आदेश आणि प्रत्यक्ष स्थिती यांचे रकाने वेगळे ठेवले आहेत, आणि मला ही त्या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ‘चालू ठेवा’ असा आदेश असून पोर्ट बंद असेल तर तो बिघाड. ‘बंद ठेवा’ असा आदेश असेल तर तो कुणाचा तरी निर्णय. सरकारी कामात या दोन गोष्टी एकमेकींत किती सहज मिसळतात हे निराळे सांगायला नको. तक्ता वाचणारा प्रोग्राम यंत्राला संपूर्ण पान मागत नाही. तो एका खान्याचा क्रमांक सांगतो आणि ‘याच्या पुढचा कोणता?’ असे विचारतो, उत्तर आले की पुन्हा तेच विचारतो, आणि असा एकेक रकाना वरून खाली उतरत जातो. नंतरच्या आवृत्तीत एका दमात बरेच खाने मागण्याची सोय आली, पण तत्त्व तेच राहिले. सुट्या मिळालेल्या खान्यांतून रांगा पुन्हा जुळवायचे काम प्रोग्रामचे असते.

इथेच वाचण्यातल्या चुकांना वाव मिळतो, आणि त्यांचा तपशील सामान्य वाचकालाही ठाऊक असावा, कारण उद्या याच आकड्यांवर कंत्राटदाराची बिले ठरायची आहेत. माहिती किती आली-गेली हे सांगणारा आकडा विजेच्या मीटरसारखा असतो : तो वाढत जातो, वापर कळतो तो दोन वाचनांतल्या फरकावरून, आणि टोकाला पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. जुन्या रकान्यातला आकडा सुमारे ४२९ कोटींवर उलटतो. शंभर मेगाबिटची तार पूर्ण भरून वाहत असेल तर ही वेळ पावणेसहा मिनिटांत येते, गिगाबिटच्या तारेवर अवघ्या ३४ सेकंदांत. दर पंधरा मिनिटांनी वाचणाऱ्या प्रोग्रामला मधल्या मधे आकडा किती वेळा उलटला हे समजण्याचा मार्गच नसतो. म्हणून मोठ्या आकड्यांचे नवे रकाने आले, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते वापरायला हवेत. दुसरी चूक रांगांच्या क्रमांकाची. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की कालची तिसरी रांग आज पाचवी होऊ शकते. ज्याने रांग क्रमांक तीन म्हणजे अमुक गाव असे गृहीत धरून ठेवले, त्याच्या हिशेबात एका गावाचा बिघाड दुसऱ्या गावाच्या नावावर पडतो. तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते : गप्प राहिलेल्या यंत्राचा अर्थ कसा लावायचा. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर प्रोग्राम काय लिहितो? शून्य लिहिले तर ते खोटे, कारण यंत्र कदाचित चालू असेल आणि निरोप वाटेत हरवला असेल. मागचाच आकडा पुन्हा लिहिला तर ते त्याहून खोटे, कारण मग मेलेले यंत्र जिवंत दिसते. ‘उत्तर नाही’ अशी तिसरी नोंद ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग. आणखी एक बारीक गोष्ट. यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ लोटला हेही ते सांगते. सकाळी दहाला उत्तर आले, सव्वादहालाही आले, पण सव्वादहाचे यंत्र म्हणते की मी चारच मिनिटांपूर्वी सुरू झालो. म्हणजे मधे ते बंद पडून गेले. हा रकाना वाचला नाही तर त्या दिवसाची नोंद शंभर टक्के चालू अशी होते, आणि केंद्रातल्या माणसाचा अर्धवट भरलेला अर्ज कुठे गेला याचा पत्ता लागत नाही.

आता हे सारे आपल्या गावांशी जोडून पाहू. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यात एक लाख ग्रामपंचायती झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र सरकारने महानेट या नावाने १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे काम स्वतःकडे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा येतो त्या निधीत दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा ठरावीक हिस्सा जमा होतो, म्हणजे मोबाइलचे रिचार्ज करणारा प्रत्येक शेतमजूर त्याचा वाटेकरी आहे. इतक्या मोठ्या कामाची प्रगती जनतेला सांगितली जाते ती एका आकड्यात : किती ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या. देशभरात हा आकडा दोन लाख चौदा हजारांच्या घरात आहे. सज्ज होणे ही एका दिवसाची घटना आहे. केबल पोचली, यंत्र बसले, चाचणी झाली, नोंद झाली. त्यानंतरच्या हजार दिवसांत ते यंत्र किती तास चालू होते याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही, आणि एकदा मोजलेली ग्रामपंचायत त्यातून सहसा वजाही होत नाही. नळ बसवल्याची नोंद पाणी आल्याचा पुरावा म्हणून मराठवाड्यात कुणी मान्य करणार नाही. नेटच्या बाबतीत मात्र आपण ती मान्य करून बसलो आहोत.

यंत्रांचे तक्ते किती नेमके बोलू शकतात हे पाहायचे असेल तर पहिल्या टप्प्याची रचना घ्यावी. तालुक्याच्या बीएसएनएल एक्स्चेंजमध्ये एक मोठे यंत्र, तिथून फायबर, आणि ग्रामपंचायतीत त्याचे छोटे जोडयंत्र. गावातले यंत्र बंद झाले की ते स्वतः काही सांगू शकत नाही, पण तालुक्याच्या यंत्राच्या तक्त्यात त्याच्या नावाची रांग असते आणि तिथे कारणाचाही रकाना असतो. वीज जात असताना शिल्लक राहिलेल्या क्षणभराच्या शक्तीत गावातले यंत्र ‘माझी वीज गेली’ असा निरोप वर पाठवते. तंत्रज्ञ त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. हा निरोप येऊन यंत्र बंद झाले तर कारण वीज. निरोप न येता प्रकाशच नाहीसा झाला तर बहुधा केबल तुटली. पोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता महिनोन्महिने थोडी थोडी घटत असेल तर कुठे तरी केबल दबली आहे किंवा जोड खराब होत आहे, आणि तुटण्याआधीच तिकडे जाता येते. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ घ्या, की पाणीपुरवठ्यासाठी खोदलेले गावरस्ते घ्या : जेसीबीचा दात आणि जमिनीतली केबल यांची गाठ पडण्याच्या जागा इथे भरपूर आहेत. वीज गेली म्हणून बंद, की खोदकामात तुटली म्हणून बंद, हे ठरवायला कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या यंत्रासोबत सौर पटल आणि बॅटरी देण्याची तरतूद होती. एखाद्या गावातून वीज गेल्याचा निरोप दर संध्याकाळी येत असेल तर त्याचा अर्थ बॅटरी संपली आहे, आणि ती बदलायची कुणी हा प्रश्न मग नाव घेऊन विचारता येतो. सुधारित योजनेत गावे कड्याच्या आकारात जोडायची आहेत, म्हणजे एका बाजूची केबल तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहील. रचना चांगली आहे, पण तिच्यात एक धोका आहे : पहिला घाव कुणालाच जाणवत नाही. कडे एका जागी तुटून सहा महिने तसेच पडले तर सेवेचा आकडा उत्तमच दिसतो, आणि दुसरा घाव बसला की अनेक गावे एकदम अंधारात जातात. हा पहिला घाव दिसतो तो फक्त पोर्टाच्या तक्त्यात.

सेवेची टक्केवारी तर आम्ही मोजतोच, असे यावर संबंधित खाते म्हणेल. करारांत अशी टक्केवारी असते हे खरे, पण सरासरी कशाची काढली यावर तिचा सारा अर्थ अवलंबून आहे. शंभर गावांचा तालुका धरा. अठ्ठ्याण्णव गावे महिनाभर अखंड चालू, दोन गावे महिनाभर पूर्ण बंद. तालुक्याची सरासरी येते ९८ टक्के, आणि कागदावर सगळे ठीक. एका गावापुरती सरासरी काढली तरी तीस दिवसांच्या महिन्यात ९८ टक्के म्हणजे चौदा तास चोवीस मिनिटे बंद राहण्याची मुभा. हे तास मध्यरात्रीचे असतील तर कुणाला झळ नाही, कार्यालयाच्या वेळेतले असतील तर जवळजवळ दोन कामाचे दिवस बुडाले. म्हणून मला एकच टक्का नको आहे, प्रत्येक गावाची तासागणिक रांग हवी आहे. सुधारित भारतनेटमध्ये बांधणीला तीन वर्षे आणि त्यापुढे दहा वर्षे देखभाल असे काम एकाच कंत्राटदाराकडे आहे. ज्याची बिले आकड्यांवर ठरणार, त्याच्याच हाती आकडे गोळा करणे राहिले तर अंक न बदलताही हिशेब बदलता येतो. बंद गाव ‘नियोजित दुरुस्ती’त टाकले की ते मोजणीतून जाते. जे यंत्र उत्तरच देत नाही ते विचारण्याच्या यादीतून काढले की भाजक लहान होतो आणि टक्का वाढतो. कुणी असे करेलच असे मी म्हणत नाही. रचनेत ही फट आहे, आणि ती बुजवण्याचा उपाय सोपा आहे. गावांची यादी यंत्रांच्या तक्त्यातून घेऊ नये. ती सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतून घ्यावी, जिथे देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. यंत्राला नाव देताना हाच क्रमांक वापरावा. आपल्या गावांची नावे रोमन लिपीत तीन-तीन प्रकारे लिहिली जातात, एकाच नावाची गावे शेजारच्या तालुक्यांत सापडतात, आणि बसवणाऱ्याने घाईत टंकलेल्या नावावरून गाव ओळखणे अवघड होते. क्रमांक असला की ज्या गावाची रांगच नाही तेही गाव तक्त्यात रिकाम्या रांगेने दिसत राहते.

गावच्या लोकांना असले तक्ते काय कळणार, हा आक्षेप नेहमी येतो आणि मराठवाड्याच्या अनुभवापुढे तो टिकत नाही. इथला शेतकरी महसूल मंडळाच्या पावसाचा आकडा बारकाईने पाहतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी मानली जाते, आणि मदतीचा मार्ग त्यावरून ठरतो, म्हणून एका मंडळात ६३ आणि शेजारी ७० अशी नोंद आली की गावोगाव चर्चा होते, केंद्राची जागा बरोबर आहे का असे विचारले जाते, निवेदने दिली जातात. महावेध प्रकल्पातून राज्यात मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्या नोंदी उघड असल्यामुळेच त्यांच्यातल्या चुका लोकांनी दाखवून दिल्या. बाजार समितीतले सोयाबीनचे दर रोज पाहणाऱ्या माणसाला ‘गाव, तारीख, किती तास बंद, कारण’ हे चार रकाने वाचता येणार नाहीत असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. शिवाय सगळ्यांनी वाचायची गरजही नसते. गावात एक शिक्षक, एक महाविद्यालयीन मुलगी, एक ग्रामपंचायत सदस्य वाचतो, आणि तेवढे पुरते. वीज वितरण कंपन्यांना वीज सरासरी किती वेळा आणि किती वेळ गेली याचे निर्देशांक जाहीर करावे लागतात. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२४ च्या नियमांत, एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक काळ खंडित झाली तर कंपन्यांनी ती २४ तासांच्या आत कळवावी असे बंधन घातले. पाऊल चांगले आहे, पण मोजमाप जिल्ह्याचे आहे. लातूर जिल्हा चालू असताना अहमदपूर तालुक्यातले एक गाव आठवडाभर बंद राहिले तर त्या नियमाच्या चाळणीत ते सापडणार नाही.

सुरक्षेचा आक्षेप याहून वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत यंत्राला प्रश्न विचारण्याचा परवलीचा शब्द तारेवरून उघडा जातो, आणि कित्येक यंत्रांत तो कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असतो. अशी यंत्रे बाहेरच्या जगाला थेट विचारता येणे घातकच. पण यंत्र उघडे करणे आणि यंत्राविषयीचा हिशेब प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न विचारणारा प्रोग्राम आतल्या जाळ्यातच राहावा, त्याने २००२ पासून प्रमाण ठरलेली, माहिती सांकेतिक करून पाठवणारी तिसरी आवृत्ती वापरावी, आणि त्याने जमवलेल्या नोंदींतून यंत्रांचे पत्ते, अनुक्रमांक, केबलचे मार्ग गाळून उरलेले बाहेर द्यावे. कडे नेमके कुठे तुटले हे आजच्या आज जाहीर केले तर उपद्रव करणाऱ्याला मदत होईल, हे मला मान्य आहे. म्हणून तो तपशील दुरुस्तीनंतर द्यावा, आणि गावनिहाय तास एका दिवसाच्या अंतराने द्यावेत. परवा हाडोळतीचे यंत्र चार तास वीज नसल्यामुळे बंद होते, या माहितीतून देशाच्या सुरक्षेला काय धोका आहे ते मला समजत नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम कुणी मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करायला सांगते, आणि २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात सार्वजनिक पैशातून जमलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात देण्याचे तत्त्व आहे. नवा कायदा करायची गरज नाही.

आता घरोघरी मोबाइलवर वेगवान नेट आले, ग्रामपंचायतीच्या केबलचे महत्त्व उरले नाही, असेही म्हटले जाते. मोबाइलच्या टॉवरलाही मागून फायबरच लागते, आणि गावातली शाळा, आरोग्य उपकेंद्र, पंचायतीचे दफ्तर यांना मोबाइलच्या चढउतारावर सोडणे बरे नाही. शिवाय लोक खरोखरच केबल वापरत नसतील तर तेही याच तक्त्यात दिसेल, कारण आत-बाहेर जाणाऱ्या माहितीचा रकाना तिथे आहेच. यंत्र चालू, वापर शून्य, अशी रांग महिनोन्महिने दिसली तर पुढचा पैसा कुठे घालायचा याचा विचार त्यावरून करता येईल. दुसरी एक अडचण मात्र खरी आहे : यंत्र बंद राहण्याचे कारण वीजबिल थकल्यामुळे तोडलेली जोडणी असेल तर दोष ग्रामपंचायतीवर येईल, आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या पंचायतींना ते टोचेल. कारण उघड झाले तर त्या बिलाची तरतूद वेगळी करा असे पंचायतीला पुराव्यासह मागता येईल. आज ती मागणीसुद्धा ‘सर्व्हर डाऊन’मध्ये बुडून जाते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. या अपिलांत नेट बंद असल्याची सबब पुढे आली तर ती खरी की खोटी हे तपासण्याचे साधन आज अर्जदाराजवळ नाही, आणि निर्दोष कर्मचाऱ्याजवळही नाही. त्या तारखेची, त्या गावाची रांग दोघांनाही मिळाली पाहिजे. सुरुवात एका तालुक्यापासून करता येईल, आणि अहमदपूर त्याला योग्य आहे : बालाघाटच्या पठारावर पसरलेली गावे, मधून जाणारा महामार्ग, विजेची ये-जा, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, म्हणजे बिघाडाचे बहुतेक सगळे प्रकार एकाच नकाशात. वर्षाच्या प्रत्येक ग्रामसभेपुढे मागच्या तिमाहीचे एक पान यावे. त्यावर ग्रामपंचायतीचा क्रमांक, कार्यालयीन वेळेत बंद राहिलेले तास, त्यातले विजेमुळे किती, केबल तुटल्यामुळे किती, उत्तरच न आल्यामुळे किती, तक्रार नोंदल्यापासून दुरुस्तीपर्यंत लागलेला वेळ आणि त्या मुदतीत कंत्राटदाराला दिलेले किंवा कापलेले पैसे असावेत. ते पान ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावे, आणि आकडा चुकीचा वाटला तर ग्रामसेवकाने त्याच सभेत गावाची हरकत लिहून घ्यावी.